कधीच नसलेली चौथी मुलगी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि त्याचं कारण त्यातला गुन्हेगार नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत गुन्हेगार पुष्कळ पाहिले. निवृत्तीनंतर त्यांचे चेहरे एकमेकांत मिसळून जातात आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटत नाही. मला आठवतात त्या अडुसष्ट वर्षांच्या एक काकू. तक्रार त्यांच्याच विरुद्ध आली होती.

माझे वडील सरकारी नोकरीसाठी सांगलीहून दिल्लीला आले आणि मी जन्मलो, वाढलो तो इथेच; वर्दी चढवली ती शेजारच्या उत्तर प्रदेश पोलिसांची. घरात मराठी, ठाण्यात हिंदी. नोकरीची शेवटची वर्षं नोएडात सायबर गुन्ह्यांच्या तपासात गेली. आमच्या कक्षाला दोन खोल्या होत्या. एसी एकच होता आणि तो कॉम्प्युटरच्या खोलीत होता, म्हणून उन्हाळ्यात सगळ्या हवालदारांना कॉम्प्युटर शिकायची फार ओढ लागायची. अर्जदार आला की त्याला आधी पाणी द्यायचं, हा माझा नियम. फसवला गेलेला माणूस चोराच्या आधी स्वतःचा मूर्खपणा लपवतो. त्यामुळे पहिला जबाब नेहमी बारा आण्यांचा असतो, उरलेले चार आणे पाणी पिऊन झाल्यावर निघतात.

त्या दिवशी आलेले गृहस्थ गाझियाबादच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर होते. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून त्यांनी थेट मराठी सुरू केली. त्यांच्या एकतीस वर्षांच्या मुलीसाठी दोन महिन्यांपूर्वी एक स्थळ फोनवरून आलं होतं. परदेशात स्थायिक झालेलं मराठी कुटुंब, मुलगा इंजिनिअर. मुलाचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण आमच्या दिल्लीत वाढलेल्या पोरांचं तरी कुठे धड असतं? त्यामुळे कोणाला शंका आली नाही. शिवाय त्या लोकांना मुलीची एक गोष्ट आधीच माहीत होती. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. 'आम्हाला त्याचं काही वाटत नाही,' असं मुलाकडचे आपणहून म्हणाले, आणि तिथेच आईबापांचे डोळे भरून आले. मुलगी दोन महिने त्या मुलाशी रोज बोलत होती. मग तो भेटायला निघाला, विमानतळावर 'अडकला', सुटकेसाठी तिने काही रक्कम पाठवली आणि सगळे फोन बंद झाले.

पैशाचं दुःख त्या गृहस्थांना नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, ऑपरेशनची गोष्ट आमच्या घराबाहेर एकाच व्यक्तीला सांगितली होती. काकूंना. त्यांनी ती विकली. मला त्यांच्यावर केस करायची आहे."

या काकू म्हणजे कोण, हे सांगायला हवं. इथे मराठी माणूस विखुरलेला आहे. एकाच टॉवरमध्ये दोन मराठी घरं असतात आणि चार वर्षं एकमेकांना पत्ता नसतो. काकूंना मात्र सगळ्यांचा पत्ता असायचा. नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, सगळीकडची लग्नाची मुलंमुली त्यांच्या रजिस्टरात होती. मराठी मंडळाच्या वतीने बावीस वर्षं त्या हे काम करत होत्या. फी काही नाही, लग्न ठरलं तर पेढे. बायोडेटा सगळ्यांना दाखवायचा, पण आईवडिलांनी कानात सांगितलेलं वेगळं लिहायचं: मोडलेला साखरपुडा, कोणाचं आजारपण, कोणाच्या वडिलांचं पिणं. हे त्या दुसऱ्या पक्षाला दुसऱ्या भेटीतच, समोरासमोर बसून सांगायच्या. फोनवर कधीही नाही. लोक त्यांना जे सांगत ते स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नसत.

आठवड्याभरात आणखी दोन घरं तशीच तक्रार घेऊन आली. तिघांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे काकू.

मी त्यांच्याकडे जायच्या आत त्याच आल्या. सुती साडी, पायांत बूट, काखेत रजिस्टर. पूर्वी दिल्लीतल्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवत होत्या. मी माहिती कोणाला दिली असं विचारलं. कोणालाही नाही, म्हणाल्या. मग बाहेर गेली कशी, असं विचारलं. "ते मला अजून माहीत नाही," एवढंच उत्तर. निर्दोष माणूस घाबरला की फार बोलतो आणि दोषी माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. या बाई जिथे माहीत नव्हतं तिथे सरळ माहीत नाही म्हणत होत्या. असा जबाब मी फार थोड्या वेळा घेतला आहे.

त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र कळली. तीन वर्षांपासून त्या रजिस्टराबरोबर घरच्या कॉम्प्युटरवरही नोंदी करत होत्या. मंडळाच्या वेबसाइटवर एक पान होतं, त्यात शेवटचा रकाना 'खासगी नोंद' असा. तो फक्त त्यांना दिसायचा. घरात मुलगा, सून आणि त्या. सून लखनौची, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला.

आता माझी चूक सांगतो. घरात कॉम्प्युटर, माहिती बाहेर, आणि कॉम्प्युटर येणारी परक्या घरची मुलगी. माझ्या पोलिसी डोक्याने लगेच बेरीज केली. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, घरी जायचं असतं, हे मला ठाऊक होतं. तरी 'सहज येऊन जा' असा निरोप मी पाठवला. सून आली आणि तिच्याबरोबर काकूही आल्या. मी सुनेला पहिला प्रश्न विचारायच्या आत काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"हिच्याविरुद्ध तुमच्याकडे पुरावा काय आहे? ही हिंदी बोलते आणि हिला कॉम्प्युटर येतो, एवढाच ना?"

खरोखर तेवढाच होता. साप साप म्हणून भुई धोपटायचा माझा विचार होता आणि भुई कोणाची होती याचा मी विचारच केला नव्हता.

"मला दहा दिवस द्या," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी मुलांची प्रॅक्टिकल घेतली आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं, एवढं मला येतं. तोवर आरोपी करायचंच असेल तर मला करा."

जिच्यावर संशय आहे तिलाच तपासाला लावायचं, हे कोणत्याही पुस्तकात बसत नाही. पण माझ्याकडे दुसरा धागा नव्हता. फोनचे नंबर बनावट कागदांवर घेतलेले निघाले होते. मी अट घातली की प्रत्येक पायरीला आमची सब-इन्स्पेक्टर हजर राहील आणि सगळं लेखी नोंदवेल. ही मुलगी रोहतकची, कॉम्प्युटरमध्ये हुशार आणि तोंडाने फटकळ. काकू पहिल्याच दिवशी तिला वहीत समास सोडायला सांगू लागल्या.

काकूंनी चार मुली तयार केल्या. जगात कुठेही नसलेल्या. चौघींची नावं, जन्मतारखा, मामेकुळं वेगळी आणि प्रत्येकीची एक खासगी नोंद वेगळी. संपर्काचा नंबर चौघींना एकच दिला, फरीदाबादला राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाचा. पहिली मुलगी फक्त रजिस्टरात लिहिली आणि रजिस्टर नेहमीसारखं बाहेरच्या टेबलावर ठेवलं. दुसरीची माहिती मंडळात त्यांना मदत करणाऱ्या बाईंना फोनवर सांगितली. तिसरी कॉम्प्युटरवर टाइप करून नुसती फाइलमध्ये ठेवली. चौथी मात्र मंडळाच्या वेबसाइटच्या पानावर टाइप केली, खासगी नोंदीत 'लहानपणी फिट्स येत होत्या' असं लिहिलं आणि काहीही न साठवता, काहीही न पाठवता पान बंद करून टाकलं. चौथी ही असून नसल्यासारखी होती. वेबसाइटवर तिचा मागमूस उरला नव्हता.

मला वाटत होतं फोन आला तर दुसरीसाठी येईल. माणसाचं तोंड हे जगातलं सगळ्यात गळकं भांडं, असं माझं अनुभवाचं मत होतं.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन वाजला. परदेशातलं मराठी कुटुंब, मुलगा इंजिनिअर, मोडकं मराठी आणि मग हिंदी. स्थळ चौथ्या मुलीसाठी होतं. भाऊ आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलेला, त्यामुळे शांत डोक्याचा. मुलीचा बाप होऊन त्याने नीट वीस मिनिटं बोलणं चालवलं. शेवटी पलीकडचा म्हणाला, "फिट्स वाली बात हमें पता है अंकल, हमें कोई प्रॉब्लम नहीं."

आमची सब-इन्स्पेक्टर चक्रावली. तिने मला विचारलं, "सर, जो सेव्ह ही नहीं किया वो गया कैसे?" मला काय ठाऊक! काकू मात्र आनंदल्या होत्या. त्या म्हणाल्या की आता सुनेच्या लॅपटॉपवर हेच करायचं. पाचवी मुलगी तयार झाली, त्याच पानावर, त्याच पद्धतीने, पण सुनेच्या लॅपटॉपवर टाइप केली. एक आठवडा वाट पाहिली, पाचवीला कोणी विचारलं नाही. म्हणजे वेबसाइट स्वच्छ, सून स्वच्छ, मदतनीस बाई स्वच्छ. चोर काकूंच्या स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये होता. मी त्या दिवशी मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला. वेबसाइटवरचा आणि दोन माणसांवरचा संशय त्यांनी एकही आरोप न करता पुसला होता, आणि जे उरलं ते स्वतःच्या दाराशी आणून ठेवलं होतं.

सब-इन्स्पेक्टरने मग ब्राउझर उघडला. ज्यातून आपण इंटरनेट बघतो त्या ब्राउझरला लोक छोटी छोटी अवजारं जोडतात. त्यांना प्लगइन म्हणतात. कोणी जाहिराती बंद करायला जोडतो, कोणी शब्दाचा अर्थ बघायला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक चित्रं दिसतात, ती हीच. काकूंच्या कॉम्प्युटरवर अशी सात निघाली. एकेक बंद करून ती पाहत गेली की पानावरचा मजकूर गुपचूप बाहेर कुठे जातो आहे का. पाचवं बंद केलं आणि जाणं थांबलं.

ते पत्रिका जुळवणीचं प्लगइन होतं. जन्मतारीख आणि वेळ दिसली की रास, नक्षत्र, गण, नाडी आपोआप सांगायचं आणि दोन पत्रिकांचे गुण काढून द्यायचं. काकू विज्ञानाच्या बाई. पत्रिकेवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "पण आयांचा असतो ना," त्या म्हणाल्या. "फोन केला की पहिला प्रश्न, नाडी कोणती? मी कुठे पंचांग उघडत बसू?" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आमचं झालं होतं. आम्ही माणसं तपासत फिरलो आणि चोर पडद्याच्या कोपऱ्यात बसून रोज आमच्याकडे बघत होता.

त्या प्लगइनची कुळकथा शोधली तेव्हा कळलं की ते मुळात चोरांनी बनवलेलं नव्हतं. एका हौशी माणसाने प्रामाणिकपणे बनवलं, हजारो लोकांनी वापरलं, मग कंटाळून त्याने ते एका परदेशी कंपनीला विकलं. कंपनी आयत्या बिळावरच्या नागोबासारखी त्यात येऊन बसली. नाव तेच, चित्र तेच. नवीन आवृत्ती आपोआप आली, तेव्हा फक्त एक चौकट उघडली: हे प्लगइन तुम्ही पाहता त्या सर्व संकेतस्थळांवरचा मजकूर वाचू आणि बदलू शकेल. अनुमती द्या. नक्षत्र काढायला जन्मतारीख पुरते. त्याला तुमची बाकीची सगळी पानं वाचायची काय गरज, हे विचारायला चौकटीपुढे कोणी थांबत नाही.

अशा वेळी लोक काय म्हणतात हे मला पाठ आहे. मी काही दाबलं नाही, आपोआप झालं, नातवाने केलं असेल. काकू मात्र म्हणाल्या, "आली होती ही चौकट. संक्रांतीच्या सुमारास. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. मी वाचली नाही, दाबून टाकली. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडून कबुली काढण्यासाठी मी काय काय केलं होतं, आणि इथे ती न मागता मिळत होती. सब-इन्स्पेक्टरने उगाच चहा मागवला.

भावाला आलेल्या त्या लांबलेल्या फोनचा माग काढत आम्ही गाझियाबादच्या एका भाड्याच्या खोलीपर्यंत पोहोचलो. दोन तरुण सापडले. फोन, लॅपटॉप, वेगवेगळ्या नावांची सिमकार्डं पंचांसमक्ष जप्त केली. लॅपटॉपमध्ये कोष्टक होतं. त्यात आमची चौथी मुलगी मामेकुळासकट हजर होती. दोघांतल्या मोठ्याची चौकशी मी स्वतः केली. मी चौकशीत ओरडत नाही. समोर कागद ठेवतो आणि गप्प बसतो. शांतता माणसाला सहन होत नाही. चौथ्या मुलीच्या नोंदीचा छापलेला कागद ठेवला आणि सांगितलं की ही मुलगी नाही, कधी नव्हती. तो घडाघडा बोलला. ही माहिती तो त्या कंपनीच्या दलालांकडून घेत होता. आजारपण किंवा मोडलेलं लग्न असलेल्या मुली तो मुद्दाम निवडायचा, कारण त्या घरांना होकाराची घाई असते. हे सांगताना त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता. वर म्हणाला, "हमने कोई ताला नहीं तोड़ा साहब. मैडम ने खुद अलाउ दबाया था."

त्याला उत्तर द्यायची माझी जबाबदारी नव्हती, ती न्यायालयाची. आरोपपत्र दाखल झालं. परदेशी कंपनीपर्यंत आमचे हात पोहोचले नाहीत, हेही सांगून टाकतो. पत्रव्यवहार केला, ते प्लगइन मिळायचं बंद झालं, त्यापुढे काही नाही. मी मात्र घरी जाऊन स्वतःचा कॉम्प्युटर उघडला. सायबर कक्षाच्या प्रमुखाच्या ब्राउझरमध्ये नऊ प्लगइन होती आणि त्यांपैकी चार कोणी, कधी, कशाला बसवली हे त्या प्रमुखाला सांगता येईना. बायको मागे उभी राहून हसत होती. जे रोज लागत नाही ते मी काढलं. जे ठेवलं ते काय काय वाचू शकतं हे तपासलं. आता दर महिन्याला बघतो, कारण काल प्रामाणिक असलेलं अवजार आज कोणाच्या हातात आहे हे त्याच्या चित्रावरून कळत नाही.

काकूंना मी विचारलं, तुम्ही निर्दोष आहात असं पत्र देऊ का? मंडळात दाखवता येईल. त्यांना पत्र नको होतं. "निर्दोष कुठे आहे मी?" त्या म्हणाल्या. "चोर नाही, एवढंच." मग त्यांनी रजिस्टरातल्या प्रत्येक घराला स्वतः फोन करून एका रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये बोलावलं. लोकांची मान खाली जाईल असं त्यांच्या हातून काही झालं असेल तर ते लोकांसमोरच सांगायचं, अशी त्यांची पद्धत.

मी साध्या कपड्यांत मागच्या रांगेत बसलो. पन्नास-साठ माणसं होती. काकू उभ्या राहिल्या आणि काय झालं ते त्यांनी वर्गात शिकवावं तसं पायरीपायरीने सांगितलं. चौकट आली, मी वाचली नाही, तुमची गुपितं माझ्यामुळे बाहेर गेली. खासगी नोंदींचा रकाना आता पुसला आहे. ज्यांना आपलं नाव काढून घ्यायचं असेल त्यांनी घ्यावं, मी वाईट वाटून घेणार नाही. बावीस वर्षांचं काम त्या एका सकाळी त्यांनी लोकांच्या ओंजळीत ठेवलं होतं.

ते इंजिनिअर गृहस्थ पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. त्यांच्या शेजारून त्यांची मुलगी उठली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. ती पुढे गेली आणि काकूंच्या हातातलं रजिस्टर मागून घेऊन तिने आपलं पान उघडलं.

"काकू, माझं नाव काढू नका," ती म्हणाली. "आणि ऑपरेशनचं आहे ना, ते बायोडेटातच लिहा. वरती, जिथे हाइट वगैरे असते तिथे. सगळ्यांना दिसू दे. छुपाने जैसा काय आहे त्यात?"

तिची आई रडू लागली. वडील उठून काकूंपाशी गेले. काकूंनी त्यांना खुर्ची दिली. मग चष्मा लावला, पेन उघडलं आणि त्या पानावर, उंचीच्या खाली, एक ओळ लिहिली. लिहून झाल्यावर रजिस्टर मिटलं नाही. ते तसंच उघडं मुलीसमोर फिरवून ठेवलं.

"आधी वाच," त्या म्हणाल्या. "नीट वाच. मग सांग, ठेवू की खोडू."

मुलीने एकेका शब्दावर बोट ठेवून ती ओळ वाचली. तिला वेळ लागत होता, कारण मराठी वाचायची सवय सुटलेली. काकू शेजारी उभ्या होत्या आणि हॉलमधलं एकही माणूस घाई करत नव्हतं. परवानगी कशी मागायची असते आणि कशी द्यायची असते, हे मी चौतीस वर्षं कायद्याच्या पुस्तकांत वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते त्या सकाळी.

"ठेवा," ती म्हणाली.